लारावेल सॅन्क्टम: चार वर्षं रोज वापरल्यावर

पाचपैकी साडेचार. आकडा आधीच सांगून टाकते. अर्धा गुण का कापला ते सांगायला बरंच लिहावं लागणार आहे, आणि साडेचार का दिले ते सांगायला त्याहून जास्त.

मी सांगलीत छोट्या संस्थांसाठी वेब ॲप्लिकेशन्स करते. पीएचपी ही भाषा, लारावेल हा तिच्यातला तयार सांगाडा (फ्रेमवर्क), मायएसक्यूएल हा डेटाबेस. आमचं सगळ्यात जुनं काम एका दूध संस्थेचं आहे. १४ संकलन केंद्रं. सकाळ-संध्याकाळ दूध येतं, लिटर, फॅट आणि एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन पदार्थ) केंद्रावरच्या फोनमधून भरले जातात आणि दर दहा दिवसांनी उत्पादकांचं बिल निघतं. फोनवरून सर्व्हरला नोंद जाते तेव्हा ही नोंद अमुक केंद्राच्या अमुक माणसाचीच आहे हे सर्व्हरला पटावं लागतं. दर नोंदीला पासवर्ड मागत बसलो तर रांगेतलं दूध नासेल. म्हणून एकदा लॉगिन झालं की फोनला एक टोकन मिळतं आणि पुढे तेच दाखवून काम चालतं. हे टोकन सर्व्हरच्या बाजूला डेटाबेसमध्ये कसं ठेवायचं, मुख्यतः एवढ्याच कामासाठी मी सॅन्क्टम वापरते. आणि हा प्रश्न केवढा मोठा आहे हे मला मार्च २०२१ मध्ये कळलं.

लेखापरीक्षणाचे दिवस होते. संस्थेने अहवाल बनवायचं काम बाहेरच्या एका मुलाला दिलं होतं. त्याला डेटा हवा होता. होस्टिंगवाल्यांच्या सपोर्टला संस्थेतून फोन गेला आणि त्यांनी अख्ख्या डेटाबेसचा डंप, म्हणजे सगळ्या टेबलांची एका फाईलमधली नक्कल, ईमेलला जोडून पाठवून दिला. मला कुणी विचारलं नाही. कंपनीचं नाव घेत नाही, कारण मुद्दा तो नाही. डंप कुठून ना कुठून बाहेर जातोच. बॅकअपची फाईल कुणाच्या तरी लॅपटॉपवर राहते, टेस्ट सर्व्हरवर उतरवलेली प्रत तशीच पडून असते.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्या मुलाचा फोन आला. "ताई, यूजर्सच्या टेबलात एपीआय टोकन नावाचा रकाना आहे. त्यात जे आहे ते खरंखुरं चालतंय का?" मी विचारलं, म्हणजे काय? म्हणाला, "पोस्टमनमध्ये टाकून बघितलं. सचिवांचं नाव आलं. मग उत्पादकांची यादी मागितली तर तीपण आली. खाते क्रमांकासकट."

पोस्टमन म्हणजे सर्व्हरला हाताने विनंती पाठवून बघायचं साधन. मुलगा सरळ होता म्हणून फोन तरी केला. मी माझ्या मशीनवर तो डंप उघडला आणि सचिवांच्या ओळीवर थांबले. दोन रकाने शेजारीशेजारी होते. पहिला पासवर्डचा, डॉलरच्या चिन्हाने सुरू होणारी बीक्रिप्टची ६० अक्षरं, त्यावरून मूळ पासवर्ड काढायला कुणालाही घाम फुटावा. दुसरा टोकनचा, तीही साठच अक्षरं, आणि ती जशी दिसतात तशीच उचलून वापरायची. पासवर्डला आम्ही एवढं जपलं होतं, आणि पासवर्डचंच काम करणारी दुसरी गोष्ट त्याच ओळीत उघडी ठेवली होती. तीन वर्षं ते टेबल मी रोज बघत होते. हे दोन रकाने एकमेकांशेजारी ठेवून कधी वाचले नव्हते.

हा प्रकार आम्ही एकट्यांनीच केलेला नव्हता. लारावेलच्या त्या वेळच्या टोकन गार्डची, म्हणजे टोकन तपासणाऱ्या भागाची, साधी पद्धत तीच होती: यूजर्सच्या टेबलात एक रकाना, त्यात स्वैर अक्षरं. हॅश करून, म्हणजे मूळ परत काढता येणार नाही अशी त्याची खूण काढून, ठेवायची सोय ५.८ आवृत्तीत आली, पण ती आपण होऊन चालू करावी लागायची. आम्ही २०१८ मध्ये काम उभं केलं तेव्हा ती नव्हती, आणि आल्यावर मी ती वाचली नाही.

त्या रात्री मी सगळी टोकन्स पुसली. पहाटे साडेपाचपासून केंद्रांचे फोन. १४ केंद्रांवरचे सगळे मोबाइल एकदम लॉगआउट, आणि तीन वर्षांपूर्वी टाकलेला पासवर्ड कुणाच्याच लक्षात नाही. एका केंद्रावरच्या वहिनी म्हणाल्या, "मॅडम, कॅन उतरवून ठेवलेत, बायका उभ्या आहेत, काय करू?" वहीत लिहा म्हणाले. त्या दिवशीचं सकाळचं संकलन वहीतच झालं आणि दुपारी आम्ही दोघींनी बसून ते मशीनमध्ये भरलं.

त्याच आठवड्यात सॅन्क्टम बसवलं. लारावेलचं स्वतःचं, मुक्त स्रोत पॅकेज आहे, पैसे पडत नाहीत. २०२० च्या सुरुवातीला ते आलं तेव्हा त्याचं नाव एअरलॉक होतं, थोड्याच दिवसांत सॅन्क्टम झालं. जुन्या लेखांत एअरलॉक दिसलं तर गोंधळू नका, वस्तू तीच.

ते टोकन्ससाठी स्वतःचं वेगळं टेबल करतं, पर्सनल ॲक्सेस टोकन्स या नावाचं. एकेका ओळीत टोकन कुणाचं आहे ते, त्याचं एक नाव, ६४ अक्षरांचा टोकनचा रकाना, परवानग्यांची यादी, शेवटचं कधी वापरलं ती वेळ आणि, तिसऱ्या आवृत्तीपासून, मुदत कधी संपते ती वेळ. खरी गंमत त्या ६४ अक्षरांत आहे. ते टोकन नव्हेच. ती टोकनची शा-२५६ हॅश आहे. खरं टोकन जन्मताना एकदाच हातात येतं, फोनला दिलं जातं आणि सर्व्हर ते विसरतो. मला स्वतःला हवं असलं तरी ते पुन्हा बघता येत नाही.

फोनकडे जे जातं ते असं दिसतं: आधी एक आकडा, समजा १७, मग एक उभी रेघ, मग लांब अक्षरांची माळ. तो आकडा म्हणजे टेबलातल्या ओळीचा क्रमांक. विनंती आली की सॅन्क्टम १७ नंबरची ओळ थेट उचलतं, रेघेनंतरच्या माळेची हॅश काढतं आणि ओळीतल्या हॅशशी ताडून बघतं. ताडणंसुद्धा साध्या बरोबरीच्या चिन्हाने नाही. पीएचपीचं हॅश इक्वल्स हे फंक्शन त्यासाठी वापरलं आहे. पहिलं अक्षर चुकलं काय किंवा शेवटचं चुकलं काय, त्याला सारखाच वेळ लागतो, म्हणजे उत्तराला लागलेल्या वेळेवरून कुणी अंदाज बांधू शकत नाही. इतकी बारीक काळजी मी स्वतः लिहिलेल्या कोडमध्ये घेतली नसती, हे मला मान्य आहे.

बसवून झाल्यावर मी नवा डंप काढला आणि त्याच मुलाला बोलावलं. म्हटलं, आता घूस. त्याने डंपमधली हॅश उचलून टोकन म्हणून पाठवली. ४०१, म्हणजे ओळख पटली नाही. पुढे १७ आणि रेघ लावून पाठवली. ४०१. साहजिक आहे, कारण पाठवलेल्या हॅशचीही पुन्हा हॅश निघते आणि ती कशालाच जुळत नाही. पाऊण तास तो बसला होता. चहा गार झाला तरी त्याचं लक्ष नव्हतं. माझंही नव्हतं.

आमच्याकडे शिकायला आलेल्या एका मुलीने तेव्हा विचारलेला प्रश्न चांगला होता आणि तो पुष्कळ जण विचारतात: "मॅडम, पासवर्डला बीक्रिप्ट लागतं तर टोकनला साधी शा-२५६ कशी चालते? ती तर झटक्यात निघते." बीक्रिप्ट मुद्दाम संथ आहे, कारण माणसाचा पासवर्ड ओळखता येतो. गावाचं नाव, मुलाचं नाव, पुढे जन्मसाल. चोर असे लाखो पासवर्ड करून बघतो, म्हणून एकेका प्रयत्नाला वेळ लागायला हवा. टोकन माणसाने ठरवलेलं नसतं. ६२ चिन्हांतून ४० जागा भरलेल्या असतात, म्हणजे सुमारे २३८ बिट, दोनाचा २३८ वा घात. हॅश कितीही झटपट निघो, एवढ्या शक्यता कुणाच्याही हयातीत संपत नाहीत. उलट बीक्रिप्ट लावलं असतं तर आमच्या सर्व्हरवर दर नोंदीमागे पन्नासेक मिलिसेकंद नुसते तपासणीत गेले असते, आणि सकाळी सहा ते आठ या वेळात १४ केंद्रांच्या नोंदी एकदमच येतात. म्हणून शा-२५६ इथे पळवाट नाही, बरोबर निवड आहे. मात्र ती टोकन खरोखर स्वैर असेल तोवरच. एकाने मोबाइल नंबरची हॅश काढून टोकन म्हणून वापरलेली मी पाहिली आहे. तिथे शा-२५६ काय, काहीच कामाला येणार नाही.

जुन्या पद्धतीतला आणखी एक दोष बदल करताना सापडला. आमच्या टेबलाचं कोलेशन, म्हणजे अक्षरं ताडून बघायचा नियम, मायएसक्यूएलमध्ये सर्रास असतं तेच होतं, लहान-मोठ्या लिपीत फरक न करणारं. म्हणजे टोकनमधली मोठी अक्षरं सगळी लहान करून पाठवली तरी डेटाबेस "हेच ते" म्हणायचा. करून बघितलं, खरंच आत घेतलं. साठ अक्षरं होती म्हणून त्याने लगेच कुणी घुसलं नसतं, पण ६२ चिन्हांचं बळ ३६ वर आलं होतं आणि आम्हाला पत्ता नव्हता. सॅन्क्टममध्ये हा प्रश्न उरत नाही. आलेल्या टोकनची आधी हॅश निघते आणि एक अक्षर लहानाचं मोठं झालं तरी हॅश पूर्ण बदलते.

वापरात मला सगळ्यात जास्त आवडलेली गोष्ट मात्र वेगळीच आहे. जुन्या रकान्यात एका माणसाला एकच टोकन होतं. इथे एका माणसाची हवी तेवढी, प्रत्येक नावानिशी. आम्ही नाव देतो ते केंद्राचं आणि फोनचं: 'केंद्र ३, काळा रेडमी'. गेल्या वर्षी मायाक्काच्या जत्रेत एका केंद्रावरच्या दादांचा फोन गर्दीत मारला गेला. रात्री त्यांचा दुसऱ्याच्या फोनवरून आवाज: "मॅडम, त्यात सगळं दुधाचं आहे." यादी उघडली, त्या फोनपुढचं 'काढा' दाबलं, एक ओळ गेली. त्यांच्याच नावावरचा केंद्रातला टॅबलेट चालूच राहिला. सकाळी त्यांनी त्यावरून नोंदी केल्या. २०२१ ची पहाट आठवली की ही एक ओळ काढणं मला अजून फार मोठं वाटतं.

आता कापलेला अर्धा गुण.

सॅन्क्टम बसवलं की टोकन कधीच संपत नाही. मुदतीची सेटिंग रिकामी असते, आणि रिकामी म्हणजे कायम. परवानग्यांचंही तसंच. काही सांगितलं नाही तर टोकनला तारा (*) लागतो, म्हणजे सगळं काही करायची मुभा. इतक्या विचाराने बनवलेल्या वस्तूत या दोन गोष्टी अशा मोकळ्या का सोडल्या असतील हे मला पटत नाही. नवा माणूस बसवतो, लॉगिन होतं, तो पुढच्या कामाला लागतो. दोन वर्षांनी त्याच्या टेबलात काम सोडून गेलेल्या माणसांची, विकलेल्या फोनची, डेमोला काढलेली टोकन्स जिवंत असतात. आमच्या दुसऱ्या एका कामात मीच तपासलं तेव्हा ३८ पैकी ११ टोकन्स वर्षभरात कुणी वापरलेली नव्हती आणि तरी चालत होती. शेवटच्या वापराची वेळ टेबलात असते म्हणून हे निदान दिसलं तरी.

मुदत दोन ठिकाणी देता येते. एक सगळ्यांसाठी, मिनिटांत. दुसरी टोकन बनवताना त्या एकट्यासाठी, तारीख देऊन. दोन्ही दिल्या तर जी आधी संपेल ती लागू होते. इथे एक गोष्ट सांभाळा. सगळ्यांसाठीची मुदत टोकन बनलं त्या वेळेपासून मोजली जाते आणि प्रत्येक विनंतीला नव्याने मोजली जाते. आज सेटिंग ३० दिवसांवर आणली की ३१ दिवसांपूर्वीची सगळी टोकन्स त्याच क्षणी मरतात. संकलनाच्या वेळेत हा आकडा बदलू नका. आम्ही आता सर्वांसाठीची सेटिंग १८० दिवसांवर ठेवली आहे आणि केंद्राच्या फोनला ९० दिवसांची स्वतंत्र तारीख देतो. मुदत संपायच्या आठवडाभर आधी ॲप पिवळी पट्टी दाखवतं, तेव्हा लोक दुपारी निवांत लॉगिन करून घेतात.

मुदत संपलेल्या ओळी आपोआप जात नाहीत. त्यांच्यासाठी आर्टिझन या लारावेलच्या कमांड चालवायच्या साधनाची प्रून एक्सपायर्ड ही कमांड रोजच्या शेड्यूलमध्ये लावावी लागते. एक ओळ आहे, पण ती तुम्हीच लिहायची.

परवानग्यांबद्दल सांगायचं तर आम्ही केंद्राच्या टोकनला दोनच दिल्या आहेत: दूध नोंदवणं आणि आजची यादी बघणं. दरपत्रक बदलायची परवानगी त्यात नाही. आमच्या सचिव तात्यांना हे फार आवडलं, कारण दरपत्रक ही त्यांच्या दृष्टीने तिजोरी. पण यात एक फसगत आहे आणि ती मी दुसऱ्यांच्या कोडमध्ये दोनदा पाहिली. सॅन्क्टम टोकनशिवाय ब्राउझरच्या कुकीवरही चालतं, स्वतःच्या वेबसाइटसाठी तेच वापरायचं असतं. कुकीवरून आलेल्या माणसाच्या बाबतीत "याला ही परवानगी आहे का" असं विचारलं तर उत्तर नेहमी "आहे" असंच येतं. म्हणजे टोकनची परवानगी तपासली म्हणून माणसाचा अधिकार तपासला असं होत नाही. तो पॉलिसीत, म्हणजे कुणाला काय करता येईल हे लारावेलमध्ये लिहायच्या जागी, वेगळा तपासायचा. आम्ही दोन्ही तपासतो, आणि कुणी "हे दोनदा का" विचारलं तर त्याला कुकीवरून दरपत्रक बदलून दाखवते.

शेवटच्या वापराची ती वेळ दर विनंतीला टेबलात लिहिली जाते, म्हणजे नुसतं वाचायची विनंती असली तरी डेटाबेसमध्ये एक लिखाण होतं. आम्हाला त्याचा ताण जाणवला नाही. सेकंदाला शेकडो विनंत्या येणारं काम असेल तर त्यांनी आधी मोजून बघावं.

बसवताना अडलेल्या गोष्टी पटकन सांगते. यूजरचा क्रमांक आकडा नसून यूयूआयडी (अक्षरं-आकड्यांची लांब ओळख) असेल तर टोकन टेबलाचं मायग्रेशन, म्हणजे टेबल बनवणारी फाईल, चालवण्याआधी त्यातला मॉर्फ्सचा, म्हणजे टोकन कुणाचं ते सांगणारा, रकाना यूयूआयडीचा करा. अपाचे या वेब सर्व्हरवर काही ठिकाणी ऑथोरायझेशन हेडर, म्हणजे विनंतीतला टोकन आणणारा भाग, पीएचपीपर्यंत पोहोचतच नाही आणि सगळं बरोबर असून ४०१ येतो. लारावेलच्या एचटीॲक्सेस फाईलमध्ये त्यासाठी दोन ओळी असतात, त्या कुणी साफसफाईत उडवल्या नाहीत ना ते बघा. आमच्याकडे उडवल्या होत्या आणि अर्धा दिवस गेला. दुसऱ्या आवृत्तीवरून तिसऱ्यावर जाताना मुदतीचा रकाना स्वतः जोडावा लागतो, आणि चौथ्या आवृत्तीपासून मायग्रेशन्स आपोआप चालत नाहीत, ती प्रकाशित करून घ्यावी लागतात.

माझ्यासारखी पहाट कुणावर येऊ नये म्हणून एक युक्ती. तुमच्याकडे जुना उघडा रकाना असेल आणि डंप बाहेर गेलेला नसेल, तर कुणालाही लॉगआउट न करता सॅन्क्टमवर येता येतं. टोकनमध्ये उभी रेघ नसेल तर सॅन्क्टम अख्ख्या माळेची हॅश काढून ती टेबलात शोधतं. म्हणून जुन्या प्रत्येक टोकनची शा-२५६ मायएसक्यूएलमध्येच काढायची, नव्या टेबलात ओळी घालायच्या आणि जुना रकाना काढून टाकायचा. फोनला कळतही नाही. मिरजेच्या एका क्लासचं काम मी असंच बदललं, २०० च्या वर विद्यार्थी होते, एकाचाही फोन आला नाही. पण जुन्या बॅकअपमध्ये उघडी टोकन्स राहतातच, म्हणून अशा ओळींना ३० दिवसांची मुदत घालून दिली. तेवढ्यात सगळ्यांचं लॉगिन सवडीने नवं झालं.

सॅन्क्टम काय करत नाही हेही स्पष्ट सांगायला हवं, कारण ते बसवलं की लोक निर्धास्त होतात.

डेटाबेस नुसता वाचणाऱ्यापासून हॅश वाचवते. लिहू शकणाऱ्यापासून नाही. ज्याला टेबलात एक ओळ घालता येते तो स्वतःच्या मनाचं टोकन ठरवून त्याची हॅश तिथे टाकेल आणि सचिव म्हणून आत येईल. म्हणून अहवालवाल्यांना आता आम्ही फक्त वाचू शकणारा वेगळा डेटाबेस यूजर देतो, आणि डंप द्यायचाच झाला तर टोकनचं टेबल वगळून.

लॉग, म्हणजे सर्व्हरची घडामोडींची नोंदवही, ही दुसरी जागा. एकदा गडबडीत आमच्यापैकी एकीने विनंतीचे सगळे हेडर लॉगमध्ये लिहून ठेवले, एक बिघाड शोधायला. डेटाबेसमध्ये हॅश आणि शेजारच्या फाईलमध्ये अख्खं टोकन. अलीकडच्या आवृत्त्यांत टोकनच्या सुरुवातीला आपलं एक ठरावीक उपपद लावता येतं, आणि शेवटी पडताळणीची आठ अक्षरं आपोआप जोडली जातात. उपपदाची सोय मुळात कोडमध्ये चुकून गेलेली टोकन्स यंत्राला ओळखता यावीत म्हणून आहे. आम्ही ती लॉगसाठीही वापरतो: रोज रात्री एक छोटी स्क्रिप्ट लॉगच्या फाईल्समध्ये ते उपपद शोधते. सापडलं तर मला मेल येतो. आतापर्यंत दोनदा आला.

आणि तिसरी गोष्ट, जी सगळ्यात जास्त गल्लत करते. काही टोकन्स आपण लोकांना दिलेली नसतात, दुसऱ्यांनी आपल्याला दिलेली असतात. एसएमएस गेटवेचं, पेमेंटवाल्यांचं, कोड ठेवायच्या गिटहबचं. ती आपल्याला पुढे वापरायची असतात, म्हणून त्यांची हॅश करून चालत नाही, मूळ परत मिळायला हवं. एप्रिल २०२२ मध्ये ॲप्स चालवून देणाऱ्या हेरोकूच्या डेटाबेसमधून ग्राहकांची गिटहबची ओऑथ टोकन्स (दुसऱ्या ॲपला आपल्या वतीने आत जाऊ देणारी) चोरीला गेली आणि त्यांच्या जोरावर डझनावारी संस्थांचे खासगी कोडसाठे उतरवले गेले, ती याच जातीची टोकन्स. इथे सॅन्क्टमचा संबंध नाही. लारावेलमध्ये मॉडेलच्या (टेबलासाठीच्या कोडच्या) रकान्याला एन्क्रिप्टेडचा कास्ट, म्हणजे साठवताना रूप बदलायची सूचना, लावला की ती कूटबद्ध होऊन बसतात. रकाना टेक्स्ट ठेवा, कारण मजकूर फुगतो. पण त्या कुलपाची चावी म्हणजे ॲप की, आणि ती सेटिंग्जच्या एन्व्ह फाईलमध्ये असते. आमचा रात्रीचा बॅकअप कितीतरी दिवस डंप आणि एन्व्ह फाईल एकाच झिपमध्ये बांधून ठेवत होता. आता दोन्ही वेगवेगळ्या ठिकाणी जातात, आणि चावीची एक प्रत कागदावर छापून संस्थेच्या तिजोरीत आहे.

दुसरे पर्याय मी बघितले नाहीत असं नाही. पासपोर्ट हे लारावेलचंच थोरलं भावंड, त्यात ओऑथ२ चा अख्खा पसारा आहे. बाहेरच्या ॲप्सना तुमच्या यूजरच्या वतीने आत यायचं असेल तर ते घ्या, आमच्या दूध संस्थेला त्याची गरज नाही. जेडब्ल्यूटी या सही केलेल्या टोकनच्या पद्धतीमध्ये टोकन डेटाबेसमध्ये ठेवावंच लागत नाही, सही तपासली की झालं. पण मग जत्रेत फोन गेला तर मुदत संपेपर्यंत वाट बघायची, नाहीतर रद्द झालेल्यांची यादी ठेवायची, म्हणजे फिरून टेबल आलंच. पुण्यातली माझी मैत्रीण जँगोत, पायथन भाषेतल्या अशाच सांगाड्यात, काम करते. तिच्याकडे रेस्ट फ्रेमवर्कसोबत येणारं टोकनचं टेबल ४० अक्षरी चावी जशीच्या तशी ठेवतं, एका माणसाला एकच, मुदतीशिवाय. हॅश हवी तर नॉक्स नावाचं वेगळं पॅकेज घ्यावं लागतं, आणि त्यात मुदत सुरुवातीपासून दहा तासांची असते. सॅन्क्टमने ही एक गोष्ट नॉक्सकडून घ्यावी असं मला मनापासून वाटतं. दहा तास नकोत, पण काहीतरी आकडा असू दे. ज्याला कायमचं टोकन हवं आहे तो सेटिंग उघडून रिकामी करेल.

या मार्चमध्ये तोच मुलगा पुन्हा अहवाल करत होता. तात्यांनी त्याला वाचण्यापुरता यूजर द्यायला सांगितलं, स्वतःहून. दोन दिवसांनी त्याचा फोन आला. "ताई, तुमचं टोकनचं टेबल मला दिसतच नाहीये." मी म्हटलं, बरोबर आहे. मग त्याने संध्याकाळच्या एसएनएफच्या सरासरीबद्दल विचारलं आणि आम्ही त्यावर अर्धा तास बोललो.